मॅडम उठेपर्यंत

१९ डिसेंबर, शुक्रवार

दोन वाक्यं होती. दोनच! चार दिवस तोंडपाठ करत होते. आणि घरी काय घेऊन आले — पोटात कांद्याचं सूप आणि डब्यात मिसेस बक्षींच्या चार पिन्न्या, म्हणजे तुपातले पंजाबी लाडू.

लिहून काढते, नाहीतर कुणावर तरी भांडी आपटेन.

गुरलीनचं बिस्त्रो मी मुद्दाम निवडलं होतं. क्वार्टरपासून चालत दहा मिनिटं. सात टेबलं, वाफेनं आतून धुरकट झालेल्या काचा, कोपऱ्यात लाकडं जाळायची लोखंडी बुखारी. बाहेर हाडं गोठवणारी थंडी, आत उबदार. माणूस अशा ठिकाणी बसून राहतो. आणि मला दिगंबर बसून राहायला हवा होता! घरी मी पहिला शब्द काढला की ह्याला फोन येतो. फोन नाही आला तर उठून बाल्कनीत. बाल्कनीत थंडी असली तर बाथरूममध्ये. बावीस वर्षांत मी ह्याच्या पाठीशी जितकं बोलले तितकं तोंडाशी बोललेले नाही. म्हणून ठरवलं, चारचौघांत गाठायचा. तिथे आवाज चढवता येत नाही आणि उठून जाता येत नाही.

सूप आलं. मी चमचा खाली ठेवला. 'दिगंबर, मला तुला एक—'

दार उघडलं. गार वारा आत आला आणि त्याच्यामागून सर आणि मॅडम!

एअर कमोडोर नरेश बक्षी. तेजपूरला दिगंबरचे सीओ, म्हणजे कमांडिंग ऑफिसर होते. बारा वर्षांपूर्वी रिटायर झाले, विमानतळाजवळच्या एयरोसिटीत घर घेऊन राहिले. रिटायर! म्हणजे आता ते कुणाचेच सर नाहीत. पण दिगंबर ताडकन उभा. 'सर! मॅम! व्हॉट अ सरप्राइज! प्लीज, हमारे साथ बैठिए!' बुखारीजवळची माझी खुर्ची मॅडमना. मी दाराशी. दार उघडलं की पाठीत वारा.

पुढे काय होणार ते मला माहीत होतं. मॅडमनी चमचा उचलल्याशिवाय आपण उचलायचा नाही. मॅडम उठल्याशिवाय आपण उठायचं नाही. लग्नानंतर जोधपूरला मेसमध्ये पहिली पार्टी — भूक लागली होती, मी आधी चमचा उचलला. त्या वेळच्या सीनियर बाई माझ्या चमच्याकडे नुसतं बघत राहिल्या. घरी येताना दिगंबर म्हणाला, 'नयना, मॅडमच्या आधी नाही हं.' तेव्हापासून आजपर्यंत नाही. बोलणं फक्त हवापाण्याचं, मुलांचं, बदल्यांचं. नवराबायकोचं तर सीनियरसमोर कधीच नाही.

दोन तास बसलो. मॅडम सूप पितात की मोजतात?

ती दोन वाक्यं इथे तरी लिहून ठेवते. 'मी एप्रिलमध्ये तुझ्याबरोबर नव्या पोस्टिंगला येणार नाही. सुश्रुत आणि मी इथेच राहणार.'

झालं. कागदाला सांगून झालं!

२१ डिसेंबर, रविवार

शाळेचं पत्र पुन्हा वाचायला फाईल काढली. १० डिसेंबरचं पत्र. एप्रिलपासून मला कायम करतायत! कर्णबधिर मुलांची छोटीशी शाळा, पण कायम. होकार लेखी हवा, ३१ जानेवारीच्या आत.

त्या पत्राच्या खाली माझे सगळे दाखले. जोधपूर — अनुभव अकरा महिने. तेजपूर — अनुभव एक वर्ष दोन महिने. भुज — आठ महिने. 'शिक्षिकेचे काम समाधानकारक होते, पतीच्या बदलीमुळे सोडत आहेत.' नऊ गावं, नऊ दाखले, आणि प्रत्येकावर ते एकच कारण. बी.एड.ला मी वर्गात पहिली होते, हे आता माझ्या आईलाच आठवत असेल.

फाईलच्या नाडीला निरगाठ मारलेली. मी नेहमी सुरगाठ मारते, ओढली की सुटते. नखं दुखेपर्यंत सोडवत बसले. सुश्रुतला झापलं — माझ्या कपाटात हात का घातलास? 'मैंने नहीं छुआ, मम्मा.' कोण मग, भूत? अकरावीतला घोडा झालाय आणि सरळ खोटं बोलतो.

त्याला माझा बेत माहीत आहे. पुढच्या वर्षी त्याची बारावी, त्याला इथून हलायचं नाहीच. म्हणतो, 'पापा को व्हॉट्सअ‍ॅप कर दो ना.'

वा! बावीस वर्षांचा संसार आणि व्हॉट्सअ‍ॅप!

२६ डिसेंबर, शुक्रवार

पुन्हा! पुन्हा तेच दोघे!

या वेळी दिगंबरच म्हणाला होता, 'चल, गुरलीनकडे जाऊ.' मला बरं वाटलं. वाटलं, ह्यालाही काही बोलायचं असेल. नवी साडी नेसले, वर जाड कोट. गुरलीननं नाताळच्या माळा अजून काढल्या नव्हत्या. कोंबडी भट्टीतून नुकतीच निघालेली, सगळीकडे लोणी आणि लसणाचा वास. मी म्हटलं, 'दिगंबर—' आणि दार!

एयरोसिटीत लोक जेवत नाहीत का? एवढ्या थंडीत गाडी काढून इथेच यायचं?

सरांनी धुक्यात विमान उतरवल्याची गोष्ट सांगितली. मागच्या शुक्रवारी सांगितली होती तीच. दिगंबर तेवढ्याच जोरात हसला. मॅडमनी पर्समधून डबा काढला. 'बेटा, पिन्नी. असली घी की.' ह्या पिन्न्या आता मला स्वप्नात दिसणार आहेत.

२८ डिसेंबर, रविवार

आज ऊन पडलं. गच्चीवर सगळं क्वार्टर जमलं होतं, चटया टाकून, किन्नू संत्री सोलत. दिगंबर एकटा कोपऱ्यात पेपर घेऊन बसलेला. गेले आणि सरळ म्हटलं, मला बोलायचंय. आत्ता.

पेपर खाली केला. किती प्रेमानं बघितलं माझ्याकडे! 'अगं, इथे काय, सगळ्यांसमोर? शुक्रवारी बोलू ना निवांत. गुरलीनकडे.'

एका बाजूनं बरं वाटलं. दुसऱ्या बाजूनं वाटलं की ती किन्नूची सालं त्याच्या डोक्यावर टाकावीत. टाकली नाहीत.

२ जानेवारी, शुक्रवार

निवांत!! चौघं निवांत!

लिहायचीसुद्धा इच्छा नाही.

५ जानेवारी, सोमवार

शाळेला थंडीची सुट्टी आहे. सेक्टर २२ मध्ये घर बघून आले. कुणाला न सांगता — म्हणजे सुश्रुतला घेऊन. बस स्टँडच्या मागच्या गल्लीत, पहिला मजला, दोन खोल्या, खाली शिवणकामाचं दुकान. शाळेची बस समोरून जाते. मालकीणबाई म्हणाल्या, 'मिस्टर कब देखने आएँगे जी?' म्हटलं, येतील. खोटं बोलताना कान तापले.

खोलीत उभी राहून भिंती बघत होते. खिळे कुठे मारायचे ते ठरवत होते! आयुष्यात पहिल्यांदा. क्वार्टरमध्ये खिळा मारायचा म्हणजे परवानगी, निघताना भोक बुजवून द्यायचं. आमच्या पेट्यांवर नंबर घातलेत, एक ते चौदा. आठ, नऊ आणि अकरा या तीन पेट्या भुजपासून उघडलेल्याच नाहीत. कशाला उघडायच्या, तीन वर्षांत पुन्हा बांधायच्याच आहेत. त्यात काय आहे ते यादीत बघावं लागतं.

सुश्रुतनं खिडकीतून खाली बघितलं आणि मराठीत म्हणाला, 'आई, इथे छान आहे.' तो मराठीत बोलतो तेव्हा त्याला काहीतरी मनापासून हवं असतं.

मालकीणबाईंना महिनाअखेर कळवते म्हटलं.

पण चोरून नाही करणार. दिगंबरला आधी तोंडावर सांगणार, मग सही. एवढं तरी मी सरळ वागणार.

९ जानेवारी, शुक्रवार

आज गुरलीनवर भडकले.

आम्ही दोघंच आत शिरलो आणि टेबलावर चार ताटल्या! चार नॅपकिन! मी विचारलं, बाई, तुला काय स्वप्न पडलं? ती हसली, दिगंबरकडे बघितलं, म्हणाली, 'मॅम, मैंने सोचा आप लोग चार ही होते हो.' आणि लगबगीनं किचनमध्ये गेली. दिगंबरला एकदम मेनू कार्ड वाचायचं सुचलं. त्याला ते पाठ आहे.

म्हणजे आता मुलखात जाहीर झालं, की नयनाला नवऱ्याबरोबर दोघांचं टेबल मिळत नाही!

दहा मिनिटांत आलेच. मी आज सूप मागवलंच नाही. निषेध म्हणून. मॅडम म्हणाल्या, 'अरे, नयना कुछ ले नहीं रही, बिटिया के लिए सूप लाओ.' आलं. प्यायले. चांगलं होतं, हा आणखी संताप.

१४ जानेवारी, बुधवार

संक्रांत. दिगंबरला तिळगूळ दिला. गोड बोलायचं राहू दे म्हटलं, आधी बोलायला तर मिळू दे! तो हसला. 'परवा शुक्रवार आहे ना,' म्हणाला.

शुक्रवारचं प्रेम ह्याला कधीपासून एवढं आलं कुणास ठाऊक.

१६ जानेवारी, शुक्रवार

आज खात्री होती. धुकं इतकं की क्वार्टरच्या फाटकावरचा दिवासुद्धा दिसत नव्हता. विमानं रद्द, गाड्या रद्द. एयरोसिटीहून कोण येणार? मी दिगंबरच्या दंडाला धरून चालत गेले, अक्षरशः फूटपाथ पायांनी चाचपत. गुरलीनकडे आमच्याशिवाय कुणी नव्हतं. बुखारी तडतडत होती. माझी खुर्ची, बुखारीजवळची! हात शेकले. मश्रूम टोस्ट मागवले. एवढी सुंदर संध्याकाळ महिनाभरात झाली नव्हती. मी मनात म्हटलं, आता घाई करायची नाही, खाऊन घेऊ, मग नीट सांगू.

मूर्ख! मूर्ख! मूर्ख!

दिगंबर सारखा घड्याळ बघत होता. मी म्हटलं, काय झालं? 'काही नाही.' टोस्ट संपायच्या आत दार उघडलं. सर आत आले, भुवयांवर पाण्याचे थेंब. खिडकीतून डोकं बाहेर काढून गाडी चालवत आले होते! 'फ्राइडे मिस नहीं करना था,' म्हणाले. मॅडमचे ओठ निळे पडलेले. सत्तरीला आलेली माणसं, गुडघे दुखतात, आणि सूप प्यायला धुक्यात जीव धोक्यात घालतात!

मी उठून खुर्ची दिली. दिली म्हणजे काय, द्यावीच लागते.

मॅडम शेकत बसल्या आणि टोरांटोच्या मुलाचं सांगत राहिल्या. तो रविवारी फोन करतो. गेल्या रविवारी विसरला. मी 'हं, हं' करत होते आणि टेबलाखाली नखं तळहातात रुतवत होते. मधेच मॅडमनी माझा हात हातात घेतला. त्यांचे हात बर्फ होते. एक क्षण वाईट वाटलं. एकच क्षण.

२० जानेवारी, मंगळवार

शाळा सुरू झाली. जसलीन — सहा वर्षांची, दोन्ही कानांना यंत्रं — चार महिने तिच्या 'प'वर बसलोय. ओठांसमोर कागदाची पट्टी धरायची, 'प' म्हटलं की पट्टी हलते. आज पट्टी हलली! मग पुन्हा! मग ती पाण्याच्या बाटलीकडे बोट करून म्हणाली, 'पा-नी.' आया रडली, मी रडले, जसलीन आमच्याकडे वेड्यांकडे बघावं तशी बघत राहिली.

मार्चनंतर तिचा 'ब' घ्यायचा आहे. तो कुणीतरी तिसरीच बाई घेणार? पुन्हा दाखला — 'काम समाधानकारक होते'?

नाही. नाहीच.

प्रिन्सिपलनी दारात थांबवून विचारलं, 'नयना जी, आपका लेटर?' म्हटलं, ३१ला पक्का.

सहा वर्षांची पोर बोलायला शिकली. मी कधी शिकणार?

२३ जानेवारी, शुक्रवार

आज दुसरीकडे जाऊ म्हटलं. सेक्टर २२ मध्ये कुठेही, छोले-भटुरे खाऊ, उभ्यानं खाऊ! दिगंबर म्हणाला, 'थंडीत कुठे हिंडतेस? गुरलीनकडेच बरं.' चार ताटल्या.

सूप संपेना. मी 'एक्स्क्यूज मी' म्हणून वॉशरूममध्ये गेले. आरशात बघून दोन्ही वाक्यं म्हणून पाहिली. मराठीत, मग हिंदीत. वाटलं, ह्यांच्यासमोरच बोलून टाकावं. तेवढ्यात दार वाजलं. मॅडम! मागोमाग आल्या होत्या. माझ्या गालावर हात ठेवला आणि म्हणाल्या, 'बेटा, अकेली पड़ गई है ना तू यहाँ? दिगंबर ने बताया था. हम हैं ना.'

एकटी? मी? अहो, मला एकटं मिळत नाही हेच तर दुखणं आहे! पण तोंडातून निघालं काय — 'थँक्यू, मॅम.'

आणि हा दिगंबर! लोकांना सांगतो बायको एकटी पडली म्हणून! बायकोला विचारायला मात्र वेळ नाही. घरी येताना म्हटलं, मॅडमना काय सांगितलंस माझ्याबद्दल? 'कुठं काय, असंच.' आणि वेगानं पुढे चालायला लागला, थंडी फार आहे म्हणून.

२७ जानेवारी, मंगळवार

चार दिवस उरले. घरी दोनदा प्रयत्न केला. एकदा फोन, एकदा बाथरूम.

३० जानेवारी, शुक्रवार

अक्षर वेडंवाकडं येतंय, येऊ दे.

सातवा शुक्रवार. उद्या शेवटचा दिवस. चार ताटल्या, बुखारी, सर, मॅडम, पिन्न्यांचा डबा. मॅडमच्या वाटीत अर्धं सूप. सरांनी धुक्यातलं विमान पुन्हा आकाशात नेलं. विमान खाली येतंय, रनवे दिसत नाही, दिगंबर पुढे वाकून ऐकतोय — जणू पहिल्यांदाच! आणि मला कळलं की हे विमान असंच दर शुक्रवारी उतरत राहणार, एप्रिल येणार, ट्रक येणार, चौदा पेट्या चढणार आणि त्यांच्यामागून मी.

उठले.

खुर्ची केवढ्यांदा वाजली! सरांचं वाक्य तसंच राहिलं. दिगंबरचं हसू तोंडावर तसंच, फक्त डोळे गोल. 'नयना?'

'मॅम, मुझे जाना है.'

'तबियत ठीक नहीं, बेटा?'

'तबियत बिलकुल ठीक है, मॅम. बस, जाना है.'

मॅडमचा चमचा हातात होता. मी त्याकडे बघितलं. मग त्यांच्याकडे बघितलं. आणि निघाले! दार मीच उघडलं, वारा मीच आत घेतला. गुरलीन मागून धावत आली, 'मॅम, शॉल! शॉल रह गई!' रस्त्यात उभं राहून शाल गुंडाळली आणि दहा मिनिटं चालत घरी आले. वाटेत मोठ्यानं बोलत होते. एका कुत्र्यानं वळून बघितलं.

बावीस वर्षं. आणि काय झालं? छत कोसळलं नाही. कुणी मेलं नाही.

वाटलं होतं, दिगंबर मागोमाग येईल. रस्त्यात तीनदा वळून बघितलं. घरी येऊन चहा केला, प्यायले, कप धुतला. सव्वा तासानं आला! का? कारण मॅडम उठल्या नव्हत्या!! बायको रडत गेली की हसत गेली हे बघायलाही हा माणूस उठू शकला नाही! बसला. सूप संपेपर्यंत, कॉफी येईपर्यंत, हलवा येईपर्यंत.

आल्यावर काय म्हणाला? 'का गेलीस' नाही. 'काय झालं' नाही. म्हणाला, 'सर काय म्हणतील, नयना?'

तोंड उघडलं होतं मी. दोन्ही वाक्यं जिभेवर होती. पण तो बूट काढून थेट बाथरूममध्ये. पाण्याचा आवाज. गीझर तर बंद होता!

३१ जानेवारी, शनिवार

सही केली. सकाळी साडेनऊला, प्रिन्सिपलच्या टेबलावर, त्यांच्याच पेननं. त्यांनी पेढा दिला. येताना सेक्टर २२ च्या मालकीणबाईंना फोन करून हो सांगितलं.

आनंद व्हायला हवा होता. झाला, शाळेच्या फाटकापर्यंत. मग बसमध्ये बसले आणि सहीची प्रत पर्समध्ये अगदी तळाशी ढकलली.

चोरून केलं मी. शेवटी चोरूनच! आधी त्याला सांगणार, मग सही — ५ तारखेला इथेच लिहिलंय. आज दिवसभर दिगंबर घरात फुरंगटून बसला आणि मी त्याच्या समोर चपात्या लाटत होते, पर्समध्ये सहीची प्रत. त्यानं जेवताना विचारलं, 'शाळेत कशाला गेली होतीस शनिवारी?' म्हटलं, मीटिंग होती. कसं सहज आलं तोंडात!

खरं तेवढं लिहायला हवं. दिगंबर टाळतो, पळतो, पाठ फिरवतो — सगळं कबूल. त्याबद्दल त्याला शंभर शिव्या. पण बावीस वर्षांत तो माझ्याशी खोटं बोललेला नाही. कधीच नाही. आणि मी एका महिन्यात घर बघून आले, सही करून आले, मीटिंग होती म्हणाले. राग त्याच्यावर काढत होते, आता कुणावर काढू?

आणि त्या म्हाताऱ्या बाई. त्यांनी माझं काय वाकडं केलं होतं? सूप हळूहळू प्यायच्या एवढंच. रिकाम्या घरी लवकर जायचं नव्हतं त्यांना, हे धुक्यातच कळायला हवं होतं मला. अर्धी वाटी, हातात चमचा, आणि समोरची उठून चालती होते. त्यांचा चेहरा डोळ्यांसमोरून जात नाही.

संध्याकाळी मॅडमना मेसेज केला. हिंदीत, चारदा खोडून. काल मी फार चुकीचं वागले, तुमचा काही दोष नव्हता, माफ करा.

उद्या दिगंबरला सगळं सांगणार. आधी माफी मागणार, मग सांगणार.

१ फेब्रुवारी, रविवार

मॅडमचं उत्तर आलं. जसंच्या तसं उतरवते.

'माफ़ी किस बात की, बेटा. हम दोनों तो तेरा शुक्रिया करते हैं, इन सर्दियों में फ्राइडे ही हमारा त्योहार था. बस एक बात पूछनी है. दिगंबर हर गुरुवार फोन करता था कि नयना ने बुलाया है, ज़रूर आइए, पर उसके सामने मत कहना, शरमाती है. तूने ही बुलाया था ना?'

पाच वेळा वाचलं. मग उठून कपाट उघडलं. फाईलची नाडी हातात घेतली. निरगाठ! चौदा पेट्यांच्या दोऱ्या कोण बांधतं आमच्या घरात? शाळेचं पत्र त्यानं तेव्हाच वाचलं होतं!

मॅडमना लिहिलं, 'हाँ मॅम, मैंने ही बुलाया था.'

मग स्वयंपाकघरात दिगंबरला दोन वाक्यं सांगितली. त्यानं फोन उचलला. मी दारात उभी होते. फोन वाजत नव्हता. चहा उकळायच्या आत झालं सगळं. मी माफी मागितली नाही.

गुरलीनला कळवलंय. शुक्रवारी तीन ताटल्या — सर, मॅडम आणि मी.